एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर: तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर सूर्यमाला

तिसरी-चौथीच्या वर्गात सूर्यमाला घेताना भिंतीवरचा तक्ता आम्ही सगळ्यात शेवटी लावतो. तक्त्यात आठही ग्रह एकमेकांना खेटून रांगेत उभे असतात आणि गुरू सूर्याच्या निम्म्याने तरी दिसतो. हे चित्र मुलाच्या डोक्यात एकदा बसलं की पुढे कितीही आकडे सांगा, ते हलत नाही. चित्रकाराचा यात दोष नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच प्रमाणात एका कागदावर मावतच नाहीत. मैदानावर आणि शाळेपुढच्या रस्त्यावर मात्र मावतात, म्हणून आमची सुरुवात तिथून होते.

प्रमाण निवडताना सोय बघावी ती गुणाकार-भागाकाराची. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर हे प्रमाण मराठी शाळेत फार उपयोगी पडतं. लाख हा शब्द मुलांच्या रोजच्या कानावरचा असतो आणि हिशेबाला काही उरतच नाही. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी, म्हणून तबकडी १४ सेमीची. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १,४९६ लाख किमीवर, म्हणजे १,४९६ सेमी, म्हणजेच १५ मीटर. मूल स्वतः करू शकतं असा हिशेब आहे, आणि स्वतः केलेल्या हिशेबावर त्याचा विश्वास बसतो.

सूर्यासाठी पिवळ्या कार्डशीटवर ७ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कापायचं आणि काठीला चिकटवायचं. ग्रह स्वयंपाकघरातून येतात. पृथ्वी १.३ मिमी आणि शुक्र १.२ मिमी, म्हणजे राजगिऱ्याचे दोन दाणे. मंगळ ०.७ मिमी, त्याला खसखशीचा दाणा. बुध जेमतेम अर्धा मिमी. तो टोकदार पेन्सिलीने दिलेला ठिपका. गुरू १४ मिमीचा, शनी १२ मिमीचा. हे दोन्ही शाडूचे वळून पट्टीवर मोजायचे. शनीला २७ मिमी व्यासाची कागदी कडी घालायची. युरेनस आणि नेपच्यून दोघेही ५ मिमीच्या आसपास, तिथे काळ्या मिरीचे मोठे दाणे निवडून घ्यायचे. मोहरी पृथ्वीसाठी घेऊ नये, बाजारातली बहुतेक मोहरी दीड-दोन मिमीची असते. शाळेत वापरतात ती काचेची गोटीही गुरूसाठी थोडी मोठीच पडते.

प्रत्येक दाणा पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवायचा, वाळू द्यायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. चिकटपट्टी विसरलात तर मैदानावर पोचेपर्यंत मंगळ गायब झालेला असतो. पृथ्वीच्या कार्डावर राजगिऱ्यापासून ३.८ सेमीवर चंद्राचा ठिपका द्यायचा. चंद्र या प्रमाणात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. त्याच कार्डावर एक गोष्ट मुलांना हमखास दाखवावी: आजवर माणूस सगळ्यात लांब गेला तो या ३.८ सेमीच्या जरासाच पलीकडे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवर आहे. ते काढायचं म्हटलं तर दाण्यापासून ०.०४ मिमीवर, म्हणजे दाण्याला चिकटूनच.

आता अंतरं. सूर्यापासून बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटर. मंगळापर्यंत मोजपट्टी पुरते. गुरू बहुतेक शाळांच्या मैदानाच्या कडेला किंवा कुंपणाबाहेर जातो. त्यापुढे पावलं मोजण्यात फसगत होते. मुलं बोलता बोलता आकडा विसरतात आणि पावलंही लांब पडत जातात. त्यापेक्षा सायकल बरी. चाकाच्या एका आऱ्याला रिबन बांधायची, चाक जमिनीवर एक फेरा फिरवून त्याचं अंतर मोजायचं (मोठ्या सायकलीचं सव्वादोन मीटरच्या आतबाहेर येतं) आणि फेरे मोजत जायचं. नायलॉनची दोरी ताणली जाते, सुतळी दवात भिजली की आखडते, म्हणून दोरी वापरलीच तर सकाळी पुन्हा मोजून घ्यावी.

रस्त्यावर जाणाऱ्या मुलांबरोबर मोठं माणूस हवंच आणि त्याच्याकडे फोन. युरेनस-नेपच्यूनची कार्डं धरून उभी राहणारी मुलं पाच मिनिटांत कंटाळतात, कारण बाकीचे काय करताहेत ते त्यांना दिसत नाही. त्यांच्याकडे काम द्यावं: मागे वळून सूर्याची तबकडी दिसते का ते बघायचं आणि फोनवर सांगायचं.

या पाठाचा खरा गाभा त्या बघण्यातच आहे. अंतरं मोजून झाली की बरेच जण तिथेच थांबतात, फोटो काढतात आणि वर्गात परततात. तसं करू नये. प्रत्येक मुलाला पृथ्वीच्या जागी उभं करून हात पूर्ण ताणायला सांगायचा आणि करंगळीने सूर्याची तबकडी झाकायला सांगायची. करंगळी तबकडीला पुरून उरते. मग पौर्णिमेच्या रात्री घरी पूर्णचंद्रावर तीच करंगळी धरायला सांगायची. १५ मीटरवरची १४ सेमीची तबकडी, आकाशातला पूर्णचंद्र आणि खरा सूर्य, तिघंही आपल्याला जवळजवळ सारख्याच रुंदीचे दिसतात, सुमारे अर्धा अंश. मैदानावरचा नमुना मोजून बनवला आहे म्हणूनच हे जुळतं. तिथून मुलांनी बुधाच्या जागी जायचं: तबकडी अडीचपट रुंद दिसते. गुरूपाशी गेलं की ती पाचव्या हिश्शाएवढी होते. नेपच्यूनवरून फोन येतो, ‘ठिपका दिसतोय’ किंवा ‘काहीच दिसत नाहीये’. गुरूच्या पलीकडे सगळं थंडगार का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

खऱ्या सूर्यावर करंगळी धरून बघायचं नाही, हे मैदानावर उतरण्यापूर्वीच दोनदा सांगायचं, कारण तबकडीचा खेळ झाल्या झाल्या काही मुलांची मान वर जातेच. काळा चष्मा, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, काहीही चालत नाही. खरा सूर्य कसा बघायचा ते पुढे येतं.

मैदानावर सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे सगळे ग्रह एकाच रेषेत लागतात. मोजायला ते सोपं, पण मुलं रांगच लक्षात ठेवतात. म्हणून अंतरं मोजून झाली की बुध ते पृथ्वी या तिघांना आपापलं अंतर राखून वेगवेगळ्या दिशांना पाठवायचं. ३० मीटर रुंद मोकळी जागा असेल तर पृथ्वीच्या वाटेवर सारख्या अंतराने १२ दगड ठेवायचे आणि बुधाच्या वाटेवर ३. एक शिट्टी म्हणजे एक महिना; शिट्टी वाजली की प्रत्येकाने पुढच्या दगडावर जायचं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बुधाची फेरी ८८ दिवसांची, म्हणून तीन शिट्ट्यांत पुरी होते. त्याला दर शिट्टीला १२ मीटर पळावं लागतं, पृथ्वीला आठच मीटर. सूर्याजवळचा ग्रह नुसता जवळून फिरतो असं नाही, तो पळतोही जास्त, हे पायांना कळतं. शुक्राला साडेसात दगड लागतात, त्यामुळे लहान वर्गात त्याला उभंच ठेवलेलं बरं.

एक प्रश्न जवळजवळ दरवेळी येतो: इथून राजगिरा दिसत नाही, मग रात्री गुरू आणि शुक्र कसे दिसतात? चांगला प्रश्न आहे, झटकून टाकू नये. राजगिरा दिवसाउजेडी, उजळ जमिनीवर शोधतोय म्हणून दिसत नाही. आकाशातला ग्रह काळ्या पार्श्वभूमीवर असतो आणि त्याच्यावर सूर्याचं लख्ख ऊन पडलेलं असतं. आकार दिसत नाही, फक्त चमकणारा बिंदू दिसतो.

याच मैदानावर प्रकाशाचा वेगही मावतो. सेकंदाला ३ लाख किमी म्हणजे आपल्या प्रमाणात सेकंदाला ३ सेमी. एका मुलाने ३० सेमीच्या पट्टीवरून मणी सरकवायचा, दुसऱ्याने दहापर्यंत सावकाश मोजायचं, पट्टी संपली की पुढे ठेवायची. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत अशा पन्नास पट्ट्या, ५०० सेकंद, ८ मिनिटं २० सेकंद. सगळ्या वर्गाला हे बघत बसवलं तर चुळबुळ सुरू होते. दोन मुलांची जोडी कामाला लावून द्यावी आणि बाकीचं चालू ठेवावं. मणी राजगिऱ्याला पोचला की आरडाओरडा होतोच. चंद्र ते पृथ्वी हे अंतर मणी सव्वा सेकंदात कापतो. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा या प्रमाणात किती लांब ठेवावा लागेल, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे सुमारे ४,००० किमी, म्हणजे मुंबईत सूर्य असेल तर तो तारा सिंगापूरच्या आसपास.

मैदान आवरण्यापूर्वी दोन यानं ठेवून घ्यावीत. आदित्य-एल१ हे इस्रोचं यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला आपल्या जागी पोचलं. ‘सूर्याकडे गेलेलं यान’ असं ऐकल्यावर मुलं ते सूर्याला टेकवायला निघतात. ते पृथ्वीपासून १५ लाख किमीवर आहे, म्हणजे राजगिऱ्यापासून सूर्याच्या दिशेने १५ सेमी. उरलेले पावणेपंधरा मीटर मोकळे. दुसरं नासाचं व्हॉयेजर-१. ते १९७७ मध्ये निघालं, आणि आपल्या प्रमाणात ते अडीच किलोमीटरच्या आसपास पोचलं आहे. शाळेपासून तितक्या अंतरावरचं मुलांच्या ओळखीचं ठिकाण सांगावं: बस थांबा, पेट्रोल पंप, शेजारचं गाव.

खरा सूर्य बघायचा तो कवडशातून. पत्र्याच्या किंवा कौलारू छपराच्या वर्गात जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके पडतात. वरचं भोक वेडंवाकडं असलं तरी ठिपका गोलच का, हा प्रश्न मुलांना एक दिवस आधी देऊन ठेवावा. तो ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. मोठी प्रतिमा हवी असेल तर हातात मावेल एवढ्या आरशावर काळा कागद चिकटवावा, कागदाला ५ मिमीचं चौकोनी भोक असावं. आरसा उन्हात खिडकीबाहेर किंवा ओट्यावर विटांच्या आधाराने पक्का बसवून उजेड अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडायचा. आरशापासून भिंत वीतभरावरच असेल तर ठिपका चौकोनीच दिसतो. १५ मीटरवर असेल तर गोल होतो आणि मोजला तर १४ सेमीच्या जवळपास भरतो. मैदानावरची पिवळी तबकडी आणून त्यावर धरा, जुळते. कडा थोड्या पुसट येतात. भोक लहान केलं तर कडा सुधारतात पण उजेड कमी होतो, मग खोली आणखी अंधारी लागते. इतका लांब वर्ग नसेल तर व्हरांडा ते वर्गाची मागची भिंत असं अंतर काढता येतं.

आरसा हातात धरायचा नाही, हात हलला की ठिपका भिंतभर नाचतो. तिरीप मुलांच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच ठेवायची, आणि आरशाकडे पाहायचं नाही हा नियम पक्का. ठिपक्याच्या कडेने खडूची रेघ ओढून ठेवावी. साधारण दोन मिनिटांत ठिपका आपल्या रुंदीएवढा सरकून रेघेबाहेर जातो. आरसा कोणी हलवला नाही, भिंतही जागच्या जागी. हलतंय काय, हे मुलांनी आपसात ठरवावं. शिक्षकाने घाई करून ‘पृथ्वी’ असं सांगून टाकू नये.

दिवस-रात्र पृथ्वीगोल आणि बल्बवर होते, त्यात विशेष अवघड काही नाही. एकच चूक सगळीकडे दिसते: गोल उलटा फिरवला जातो. पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे शब्द लहान मुलांच्या हाताला कळत नाहीत. त्याऐवजी गोलावर मुंबई आणि गडचिरोलीवर एकेक टिकली लावायची. गडचिरोलीत मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उजाडतं. गडचिरोली आधी उजेडात येईल असा गोल फिरवा, दिशा आपोआप बरोबर.

चंद्राच्या कलांसाठी मात्र वेळ काढावा लागतो, आणि आधी आकाश, मग बल्ब हा क्रम मोडू नये. पावसाळ्यात सुरू केलं तर ढग सगळं वाया घालवतात. दिवाळी सर्वांत सोयीची. लक्ष्मीपूजनाला अमावस्या, भाऊबीजेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला बारीक कोर, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला पूर्णचंद्र. सुट्टीचे दिवस, मुलं संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर असतात. सुट्टीपूर्वी प्रत्येकाला १४ रिकाम्या वर्तुळांचा कागद द्यायचा: रोज सूर्यास्तानंतर चंद्र कुठे होता आणि कोणता भाग उजळ होता तेवढं काढायचं, ढग असतील तर ‘ढग’ लिहायचं. काही कागद भिंतीवरच्या कॅलेंडरमधून उतरवून आलेले असतात. ते ओळखू येतात, कारण त्यात एकही ढग नसतो आणि चंद्र कुठे होता हे लिहिलेलं नसतं. पौर्णिमेनंतर संकष्टीला घरी चंद्रोदयाची वाट बघतातच. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, हे त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनाही समजावून सांगणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.

मग अंधारी खोली, मधोमध मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एकच बल्ब, आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीवर खोचलेला थर्माकोलचा ५ सेमीचा गोळा. प्लास्टिकचा गुळगुळीत चेंडू नको, त्यावर बल्बची चमक पडते आणि कोर ओळखू येत नाही. बल्बकडे तोंड करून हात लांब धरायचा: अमावस्या. तसंच डावीकडे वळत जायचं. पाव वळणावर गोळ्याचा उजवा अर्धा भाग उजळतो: शुक्ल अष्टमी. पाठ बल्बकडे झाली की पौर्णिमा, आणि इथेच गोंधळ होतो. स्वतःच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडते. गोळा डोक्याच्या थोडा वर धरला की तो पूर्ण उजळतो. दोन्ही मुद्दाम करून दाखवावं. सावली पडते ते चंद्रग्रहण, आणि ते दर पौर्णिमेला होत नाही कारण चंद्राची वाट सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा समज मोठ्या माणसांतही पक्का असतो. सावलीशिवाय अष्टमी स्वतःच्या हातात पाहिलेलं मूल त्यातून सुटतं.

अवकाशमोहिमांसाठी २० सेमी व्यासाचा पृथ्वीगोल पुरतो. प्रमाण बदललं आहे हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावं. आधी एका मुलाच्या हातात ५.५ सेमीचा चेंडू देऊन ‘हा चंद्र, योग्य जागी जाऊन उभा राहा’ म्हणायचं. बहुतेक मुलं हातभर अंतरावर उभी राहतात. मग गोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा साडेनऊ वेळा गुंडाळायचा, सोडवायचा आणि ताणायचा. सहा मीटर भरतो, आणि चंद्र वर्गाच्या दारापाशी जातो. अवकाश स्थानक गोलापासून ६ मिमी वर. राकेश शर्मा १९८४ मध्ये आणि शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये गेले ते याच काही मिलिमीटरच्या पट्ट्यात. घरावरची डिश ज्याच्याकडे रोखलेली असते तो उपग्रह ५६ सेमीवर. चांद्रयान-३ चा प्रवास याच सहा मीटरमध्ये दोऱ्याने दाखवता येतो. १४ जुलै २०२३ ला निघून ते २३ ऑगस्टला उतरलं, चाळीस दिवस. सरळ का नाही गेलं? पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या घेत, दर फेरीत थोडा जोर लावत ते लांब गेलं, म्हणून कमी ताकदीच्या रॉकेटवर आणि कमी इंधनात भागलं. दोऱ्याची फेरी दरवेळी लांब करत दाखवायची, पण पृथ्वीचं टोक जागेवरून हलू द्यायचं नाही, नाहीतर नुसती मोठी होत जाणारी वर्तुळं दिसतात.

चांद्रयान-३ ने चंद्रावर उतरवलेली छोटी गाडी, म्हणजे प्रज्ञान रोव्हर, सेकंदाला १ सेमी चालायचा. ३० सेमीची पट्टी, खोडरबर आणि तीस आकडे. खोडरबर सावकाश सरकवताना मुलांना जोरात ढकलायचा मोह आवरत नाही. इतकं हळू का, याची उत्तरं त्यांच्याकडूनच येतात: खड्डे आहेत, उलटला तर उचलायला कोणी नाही, सूर्याच्या उजेडावर चालतो. २६ किलोच्या त्या गाडीने चंद्रावरच्या एका दिवसात, म्हणजे आपल्या साधारण १४ दिवसांत, १०० मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापलं. ते मैदानावर चालून दाखवावं.

हे सगळं एका आठवड्यात कोंबू नये. मैदान आणि कवडसा हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी, कला दिवाळीपासून पुढच्या पंधरवड्यात, पृथ्वीगोल कधीही. तक्ता त्यानंतर लावायचा आणि मुलांनाच विचारायचं की यात काय चुकलंय. कार्डं पुढच्या वर्षासाठी ठेवताना राजगिऱ्याला आणि खसखशीला मुंग्या लागतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. शाडूचा शनी दरवर्षी नव्याने वळावा लागतो. कडी लावताना तडकतोच.